आजार गेला, फाइल राहू द्या



डहाणू, घोलवड, चिंचणीपासून तलासरीपर्यंतच्या आपल्या पट्ट्यात अशी घरे आहेत, ज्यांतले एखादे मूल लहानपणी कर्करोगाने आजारी पडले, परळच्या टाटा रुग्णालयाच्या खेपा घालून बरे झाले आणि आता कॉलेजात जाते आहे, दुकानावर बसते आहे किंवा सासरी नांदते आहे. त्या घरांनी काय सोसले, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. पहाटेची गाडी, दादरला उतरून टाटापर्यंतची धावपळ, रक्ताच्या रिपोर्टची वाट पाहत काढलेले दिवस, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतल्या रात्री, गहाण पडलेले दागिने, नानी-दादींच्या तहज्जुदमधल्या दुआ. अल्लाहने शिफा दिली आणि घर पुन्हा उभे राहिले.

आज आम्ही लिहिणार आहोत ते त्याच्या पुढचे. आजार गेल्यावर दहा, पंधरा, वीस वर्षांनी त्या मुलाच्या फुफ्फुसांचे काय होते, त्याकडे कोणी पाहायचे आणि घरात काय जपून ठेवायचे. हा विषय आपल्या घरांतून फारसा बोलला जात नाही. मूल वाचले हीच एवढी मोठी नेमत असते की पुढचे विचारायला जीभ धजत नाही.

पण विचारायला हवे, कारण अशी मुले आता वाढत जाणार आहेत. जागतिक आरोग्य संघटना सांगते की श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत मात्र हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही आत आहे. २०१८ मध्ये या संघटनेने जगभरची किमान ६० टक्के मुले २०३० पर्यंत वाचली पाहिजेत, असे उद्दिष्ट ठरवले. म्हणजे आज तलासरीच्या एखाद्या पाड्यावरून किंवा डहाणूच्या एखाद्या मोहल्ल्यातून टाटाला जाणारे मूल उद्या पन्नाशी पाहील, अशी उमेद आता धरता येते. मग त्या पन्नास वर्षांचीही काळजी आपणच घ्यायला हवी.

एका आईचा प्रश्न

काही दिवसांपूर्वी एका भगिनीने आमच्याकडे दोन गोष्टी विचारल्या. तिची मुलगी आठ वर्षांची असताना तिला छातीतल्या गाठींचा कर्करोग झाला होता, डॉक्टर त्याला हॉजकिन म्हणाले होते. केमोची इंजेक्शने झाली, छातीला शेकही दिला गेला. मुलगी पूर्ण बरी झाली. आता ती विशीत आहे, रिश्ते येऊ लागले आहेत. घरातली मोठी माणसे म्हणतात, ती फाइल जाळून टाका, कोणाच्या हाती लागली तर मुलीचे कसे होईल? हा पहिला प्रश्न. दुसरा तिने जाता जाता विचारला. मुलगी स्टेशनचा पूल चढताना मध्येच थांबते, हिवाळ्यात तिचा खोकला महिना-महिना जात नाही. सगळे म्हणतात, अशक्तपणा आहे, खजूर आणि दूध द्या.

या बहिणीला वाटले, हे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत. आम्हाला ते एकच वाटतात. मुलीच्या धापेचे कारण ज्या कागदांत सापडण्याची शक्यता आहे, तेच कागद चुलीत घालायला घर निघाले आहे. म्हणून आधी धापेविषयी समजून घेऊ, मग फाइलीकडे येऊ.

फुफ्फुसांना इजा होते कशी

मूल जन्मते तेव्हा त्याची फुफ्फुसे पूर्ण तयार नसतात. श्वासातला प्राणवायू रक्तात मिसळतो तो वायुकोश नावाच्या अगदी बारीक फुग्यांतून. मोठ्या माणसाच्या छातीत असे तीस कोटींच्या वर वायुकोश असतात. जन्माच्या वेळी त्यांतले थोडेच असतात. बाकीचे पुढच्या वर्षांत तयार होतात आणि छातीचा पिंजराही त्यांच्याबरोबर वाढत जातो. आपल्या डहाणूत रबरी फुग्यांचे कारखाने आहेत, त्यामुळे फुगा म्हणजे काय हे इथल्या मुलांना सांगावे लागत नाही. नवा फुगा सहज फुगतो आणि सहज बसतो. त्याचे रबर कडक झाले की कितीही जोर लावा, तो पुरता फुगत नाही. फुफ्फुसात इजेनंतर जे तंतुमय व्रण पडतात, ते असेच काम करतात. वायुकोशाची भिंत जाड आणि ताठ होते, श्वास आत जातो पण पुरेसा प्राणवायू रक्तात उतरत नाही.

ही इजा प्रामुख्याने चार वाटांनी होऊ शकते.

पहिली वाट औषधाची. ब्लिओमायसिन हे औषध हॉजकिनमध्ये आणि काही जननपेशींच्या गाठींमध्ये वापरले जाते. १९६० च्या दशकात जपानचे शास्त्रज्ञ हामाओ उमेझावा यांनी मातीतल्या सूक्ष्म जीवापासून ते मिळवले. या औषधाने असंख्य माणसे वाचली. त्याचा दोष एवढाच की शरीरातले जे द्रव्य त्याला मोडून निकामी करते, ते फुफ्फुसात आणि त्वचेत फार कमी असते. त्यामुळे औषध तिथे जास्त काळ टिकते आणि इजा करते. एकूण मात्रा जितकी जास्त, तितका धोका जास्त. मेंदूच्या काही गाठींसाठी दिली जाणारी लोमुस्टीन व कारमुस्टीन आणि अस्थिमज्जा बदलण्याआधी दिले जाणारे बुसल्फान ही औषधेही याच जातीची. त्यांचा परिणाम कधी कधी अनेक वर्षांनी दिसतो.

दुसरी वाट शेकाची. काही जण त्याला लाइट घेणे म्हणतात. छातीला, संपूर्ण फुफ्फुसाला, पाठीच्या कण्याला किंवा सर्व शरीराला शेक दिला असेल तर फुफ्फुसावर किरण पडतातच. लहान मुलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होते. शेक लागलेली हाडे आणि स्नायू पुढे पुरते वाढत नाहीत. मूल उंच होते, पण छाती अरुंद राहते आणि फुफ्फुसांना जागा अपुरी पडते.

तिसरी वाट शस्त्रक्रियेची. फुफ्फुसावर पसरलेली गाठ काढताना फुफ्फुसाचा भाग काढावा लागला असेल, तर राहिलेल्या भागावर आयुष्यभराचे काम येते.

चौथी वाट अस्थिमज्जा बदलण्याची, म्हणजे लोक ज्याला बोनमॅरो म्हणतात त्याची. दुसऱ्याकडून आलेल्या पेशी कधी कधी नव्या शरीराशी झगडतात आणि बारीक श्वासनळ्या आक्रसून जातात.

आता एक दिलासा. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग म्हणजे रक्ताचा, आणि त्याच्या नेहमीच्या उपचारात ब्लिओमायसिन नसते, छातीला शेकही नसतो. त्या मुलांच्या फुफ्फुसांना वरच्यासारखा धोका साधारणपणे कमी असतो. तेव्हा हा लेख वाचून प्रत्येक आईने घाबरून जाऊ नये. मात्र रक्ताच्या कर्करोगातही डाउनोरुबिसिन, डॉक्सोरुबिसिन ही लाल रंगाची औषधे दिली जातात आणि त्यांचा परिणाम हृदयावर होऊ शकतो. हृदय अशक्त झाले तरी माणसाला धापच लागते. म्हणून धाप लागली की छातीबरोबर हृदयाचीही तपासणी, म्हणजे इको, करून घ्यावी लागते.

अमेरिकेत १९७० ते १९८६ या काळात कर्करोग झालेल्या आणि त्यानंतर किमान पाच वर्षे जगलेल्या हजारो मुलांचा एक मोठा अभ्यास १९९४ मध्ये सुरू झाला. त्यांची तुलना त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी केली गेली. घर तेच, खाणे तेच, आईबाप तेच, फरक फक्त आजाराचा आणि उपचाराचा. बऱ्या झालेल्यांमध्ये जुनाट खोकला, श्रमाने लागणारी धाप, वारंवार होणारा न्यूमोनिया आणि फुफ्फुसातले व्रण भावंडांपेक्षा जास्त आढळले. हे त्रास उपचारानंतर कित्येक वर्षांनीही नव्याने सुरू होत होते. विशीतल्या मुलीची धाप बाराव्या वर्षी संपलेल्या आजाराशी जोडलेली असू शकते, ती अशी.

आपल्याकडे चुकते कुठे

आपल्या भागात महिनाभर खोकला राहिला की पहिला संशय क्षयाचा, म्हणजे टीबीचा. तो घेणे बरोबरच आहे, थुंकीची तपासणी झालीच पाहिजे. मोठ्या उपचारातून गेलेल्या शरीराला टीबीही होऊ शकतो. पण छातीच्या फोटोत जुना व्रण दिसला आणि थुंकीत काही सापडले नाही, तर डॉक्टरांना हे कळायला हवे की या छातीला लहानपणी शेक बसला आहे. ते कळले नाही, तर नको ती औषधे महिनोन्‌महिने पोटात जातात आणि खरे कारण बाजूलाच राहते. तलासरीचे ग्रामीण रुग्णालय असो, डहाणूचे उपजिल्हा रुग्णालय असो की वापीचा खासगी दवाखाना, समोर बसलेले डॉक्टर तुमच्या तोंडून आणि कागदातून जेवढे कळेल तेवढ्यावरच निर्णय घेणार. घरच्यांनी जुना आजार लपवला तर त्यात डॉक्टरांचा काय दोष?

दुसरी गोष्ट बोटाला लावायच्या यंत्राची. कोविडमध्ये ते घरोघरी आले. त्यावर ९८ दिसले की आपण निश्चिंत होतो. बसल्या जागी आकडा चांगला असूनही फुफ्फुसाची ताकद कमी झालेली असू शकते. त्यासाठी वेगळी तपासणी आहे. नळीत जोराने फुंकायला लावून श्वास किती आणि किती वेगाने बाहेर पडतो ते मोजतात, आणि फुफ्फुसातून वायू रक्तात किती उतरतो तेही मोजतात. ही दुसरी मोजणी विशेष महत्त्वाची, कारण ब्लिओमायसिनची आणि शेकाची इजा बऱ्याचदा आधी तिथेच दिसते. फुफ्फुसाला धोका असलेला उपचार झाला असेल तर तो संपल्यावर दोन वर्षांनी ही तपासणी एकदा करावी, त्रास नसला तरीही, असे या विषयातले तज्ज्ञ सांगतात. पुढे काय करायचे ते तिच्या निकालावर ठरते.

दार उघडे आहे

टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तिथे १९९१ पासून उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी वेगळा दवाखाना चालतो. त्याचे नाव ‘आफ्टर कम्प्लीशन ऑफ ट्रीटमेंट’, थोडक्यात ‘अ‍ॅक्ट’ क्लिनिक. डॉ. पूर्णा कुरकुरे यांनी तो उभा केला. बरे झालेले मूल तिथे जाते ते कर्करोग परत आला का एवढेच पाहायला नव्हे. त्याची उंची, वजन, हृदय, फुफ्फुसे, ग्रंथी, शिक्षण, मन या सगळ्याची विचारपूस व्हावी, हा त्यामागचा हेतू आहे. आपल्या लोकांना ओपीडी माहीत असते, केमोचा वॉर्ड माहीत असतो, हे दार मात्र पुष्कळांना माहीत नसते.

इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ पासून काम करते. लहानपणी कर्करोगातून वाचलेल्या तरुणांचा ‘उगम’ नावाचा गट २००९ मध्ये तिच्याच छायेखाली सुरू झाला. यात तरुण मुले-मुली एकमेकांना धीर देतात, नव्या रुग्णांच्या आईबापांना आपली ओळख करून देतात. उपचार चालू असलेल्या परगावच्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना राहायला जागा देणारी सेंट ज्यूड ही संस्था मुंबईत २००६ पासून आहे. नातेवाइकांत कोणाच्या मुलावर आता उपचार सुरू होणार असतील तर हे नाव त्यांच्या कानावर घाला.

डहाणू रोडहून दादर सुमारे ११५ किलोमीटर. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत येते, म्हणून डहाणूकरांना एका दिवसात जाऊन येता येते. तलासरीला स्टेशन नाही. तिथल्या माणसाला आधी डहाणू किंवा गुजरातच्या हद्दीतले स्टेशन गाठावे लागते, नाही तर महामार्गाने जावे लागते. एक दिवसाची मजुरी बुडते हे आम्हाला मान्य आहे. पण ही खेप केमोच्या काळासारखी आठवड्याला करायची नाही. बहुतेकांना वर्षातून एकदा जावे लागते. कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबत्याला उपचारासाठी तसेच नंतरच्या तपासणीसाठी रेल्वेभाड्यात सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो. तो मागायला लाजू नका.

फाइलीत काय हवे

शिक्षक म्हणून आमचा अर्धा जन्म दाखले आणि नोंदवह्यांत गेला. शाळा सोडल्याचा दाखला हरवला तर माणूस किती वणवण करतो, ते आम्ही रोज पाहतो. उपचाराची फाइल त्याहून मोलाची आहे. पूर्ण फाइल जपाच, शिवाय एका कागदावर पुढील गोष्टी डॉक्टरांकडून लिहून घ्या:

आजाराचे नाव आणि तो झाला तेव्हाचे वय. उपचार सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख. रुग्णालयाचा केस नंबर. दिलेल्या प्रत्येक औषधाचे नाव आणि त्याची एकूण मात्रा. शेक शरीराच्या कोणत्या भागाला आणि किती दिला. कोणती शस्त्रक्रिया झाली. अस्थिमज्जा बदलली असल्यास केव्हा आणि कोणाची.

या कागदाच्या तीन प्रती काढा. एक आधार कार्डाबरोबर, एक फोनमध्ये फोटो काढून, एक मुलाच्या स्वतःच्या हाती. मूल अठरा वर्षांचे झाले की त्याला त्याच्या आजाराचे नाव माहीत असलेच पाहिजे. लहानपणी काहीतरी झाले होते, अम्मीला ठाऊक आहे, असे पंचविशीतल्या माणसाने डॉक्टरला सांगणे बरे नव्हे. अम्मी-अब्बा कायम सोबत असणार नाहीत.

फाइल गेलीच असेल तर खचून जाऊ नका. केस नंबर, जुने कार्ड, एखादी पावती, नाहीच तर मुलाचे पूर्ण नाव आणि उपचाराचे वर्ष घेऊन रुग्णालयात विचारा. जुनी नोंद शोधता येते का, ते तिथे पाहतील.

हा कागद ऐन वेळी किती उपयोगी पडतो, याचे एकच उदाहरण देतो. ब्लिओमायसिन घेतलेल्या माणसाला पुढे कधी अपेंडिक्सचे किंवा सिझेरियनचे ऑपरेशन करावे लागले, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी सांगितले पाहिजे. भूल देताना जादा प्राणवायू देण्याची पद्धत असते आणि अशा फुफ्फुसांना जादा प्राणवायूच अपाय करू शकतो. माहीत असेल तर डॉक्टर मात्रा सांभाळून देतात. सासरी गेलेल्या मुलीची फाइल जळालेली असेल, नवऱ्याला काही ठाऊक नसेल आणि मुलगी वेदनेने बोलू शकत नसेल, तर हे त्या वेळी सांगणार कोण?

रिश्त्याची गोष्ट

इथे आम्ही स्पष्ट लिहितो. निकाह हा करार आहे. करारात समोरच्याला अंधारात ठेवणे कोणत्याही शरीफ घराला शोभत नाही, आणि उघडकीला आल्यावर त्याची झळ मुलीलाच बसते. मसल्याचा बारकावा आपल्या भागातल्या आलिमांकडून समजून घ्यावा, आम्ही शिक्षक आहोत, मुफ्ती नाही. आमचे म्हणणे एवढेच की गावभर सांगू नका, पण बोलणी पक्की होण्याआधी मुलाच्या आईबापांना आणि मुलाला शांतपणे सांगा. सोबत बरे झाल्याचा डॉक्टरांचा कागद दाखवा.

आणि मुलाकडच्या मंडळींनो, तुम्हीही ऐका. कर्करोग शिवण्याने, जेवणाने, सहवासाने लागत नाही. मुलांचे बहुतेक कर्करोग आईबापांकडून आलेले नसतात आणि पुढच्या पिढीत जात नाहीत. डोळ्याच्या पडद्याच्या कर्करोगासारखे काही अपवाद आहेत, त्यांच्याविषयी डॉक्टर सल्ला देतात. आठव्या वर्षी मरणाच्या दारातून परत आलेली मुलगी घरात येणार असेल, तर ती सबर म्हणजे काय हे शिकून आलेली असते. तिला नाकारताना शंभरदा विचार करा. मुलाला असा आजार होऊन गेलेला असतो तेव्हा लोक सहज विसरतात आणि मुलीच्या बाबतीत मात्र पंचवीस वर्षे लक्षात ठेवतात, हाही इन्साफ नव्हे.

ज्या मुलींच्या छातीला शेक दिला गेला आहे, त्यांनी स्तनांची तपासणी इतर स्त्रियांपेक्षा लवकर सुरू करायची असते. पंचविशीपासून किंवा शेक संपून आठ वर्षे झाल्यावर, यांतले जे नंतर येईल तेव्हापासून, दरवर्षी. आई-बहिणींनी हे मुलीला संकोच न करता सांगावे.

घरची हवा

केंद्र सरकारने १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील ठरवला आणि मोठ्या प्रदूषण करणाऱ्या उद्योगांवर बंधने आणली. चिकूच्या वाड्या आहेत, समुद्राचा वारा आहे. पण माणूस बाहेरच्या हवेइतकीच घरातली हवाही छातीत घेतो. चुलीचा धूर, डासांची कॉइल, बंद खोलीत लावलेली अगरबत्ती आणि जुमेरातीचा लोबान, ओट्यावर बसून ओढलेली विडी. अशक्त फुफ्फुसाला हे सगळे जड जाते. लोबानाचा सुगंध आवडत असेल तर तो अंगणात लावा. वाडीतला पालापाचोळा पेटवताना किंवा शेतात राब भाजताना अशा मुलाला दूर ठेवा. त्याने स्वतः विडी, सिगारेट, हुक्का यांना कधीच हात लावायचा नाही आणि घरातल्या पुरुषांनी त्याच्यासमोर ओढायची नाही. फुफ्फुसाला इजा झालेल्या माणसासाठी याहून मोठी खबरदारी दुसरी नाही.

कामधंदा निवडतानाही विचार करावा. वीटभट्टी, दगडखाण, स्प्रेचे रंगकाम, वेल्डिंग, रसायनांचा कारखाना ही कामे अशा मुलासाठी नव्हेत. रोजगाराची निकड आम्ही जाणतो. म्हणूनच असे मूल शिकले पाहिजे, निदान बारावीपर्यंत तरी. फुफ्फुस कमजोर असेल तर डोके आणि हात यांच्या हुन्नरावर पोट भरता यावे.

फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टर सांगतील तशी घ्यावी. हज-उमऱ्याला जाणाऱ्यांनी तर गर्दीचा विचार करून निघण्याआधी डॉक्टरांना भेटावेच. मालवण-तारकर्लीला पाण्याखाली जाण्याची, म्हणजे स्कूबाची, हौस हल्ली नवदाम्पत्यांना असते. ब्लिओमायसिन किंवा छातीचा शेक घेतलेल्यांनी तज्ज्ञाला विचारल्याशिवाय ती करू नये. रोजाच्या बाबतीत श्वासाची औषधे चालू असतील तर डॉक्टर आणि आलिम या दोघांनाही विचारावे. बीमाराला शरीयतने सवलत दिली आहे आणि ती सवलत घेणे हा ईमानाचा कमीपणा नाही.

शाळेतल्या सोबत्यांना

आमच्या शिक्षक बंधू-भगिनींसाठी दोन शब्द. शारीरिक शिक्षणाच्या तासाला मागे राहणाऱ्या मुलाला आळशी म्हणण्याआधी त्याला बाजूला घेऊन विचारा. मात्र असा आजार होऊन गेला आहे हे कळल्यावर त्याला कायमचे बाकावरही बसवू नका. चालणे, हलका खेळ, डॉक्टरांनी परवानगी दिली तर पोहणे, याने राहिलेल्या फुफ्फुसाचा चांगला उपयोग व्हायला मदत होते. त्याला त्याच्या गतीने खेळू द्या. त्याच्या आजाराची गोष्ट वर्गात जाहीर करू नका. पालकांनी विश्वासाने सांगितलेली बाब ही अमानत आहे.

काही लोक म्हणतात, एवढ्या तपासण्या म्हणजे तवक्कुलची कमतरता. आमच्या समजुतीप्रमाणे तवक्कुल उपायानंतर येतो. शरीर ही अल्लाहची अमानत आहे आणि हे शरीर तर त्याने दोनदा दिलेले आहे.

तेव्हा या महिन्यात एक काम करा. घरात, भावकीत, शेजारी लहानपणी कर्करोगातून उठलेले कोणी असेल तर त्याची फाइल कपाटातून बाहेर काढा. कागदांना वाळवी लागली नाही ना ते पाहा. त्यात ब्लिओमायसिन हे नाव आहे का, छातीला शेक दिल्याची नोंद आहे का, हे ओळखीच्या डॉक्टरांकडून वाचून घ्या. असेल आणि फुंकण्याची तपासणी कधीच झाली नसेल तर या पावसाळ्याआधी टाटाची एक खेप करा. धाप, कोरडा खोकला, वारंवार न्यूमोनिया यांपैकी काही असेल तर पावसाळ्याचीही वाट पाहू नका.

अल्लाह त्या सर्व मुलांना लांब आयुष्य आणि मोकळा श्वास देवो, आज वॉर्डात असलेल्या मुलांना शिफा देवो आणि त्यांच्या आईबापांना सबर देवो. आमीन.